घट्ट बुटांचं कोडं

जुन्या, झिजलेल्या बुटांनी भार्गवी निदान अर्धी भिंत तरी चढायची. नव्या कोऱ्या बुटांनी मात्र ती पहिल्याच पावलाला घसरली आणि खालच्या गादीवर धप्पकन आपटली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

सोलापूरच्या एका बंद सूतगिरणीच्या आवारात आता भिंतदौडीचं मैदान होतं. भिंतदौड म्हणजे कठड्यांवरून, जिन्यांवरून आणि भिंतींवरून न थांबता पळायचा खेळ. आज संध्याकाळी शहराच्या संघाची निवड होती. गेल्या वर्षी भार्गवी याच भिंतीपाशी बाद झाली होती, आणि या वर्षी तिला पुन्हा बाद व्हायचं नव्हतं.

बूट हातात घेऊन ती तडक सुमेधाआत्याच्या घरी पोचली. आत्या पदार्थवैज्ञानिक (वस्तू कशाच्या बनतात आणि कशा वागतात, हे अभ्यासणारी) होती. तिच्या घरातल्याच प्रयोगशाळेतला टाचू नावाचा यंत्रमानव रबराचे थर चढवून बूट बनवायचा.

"टाचू, मी तुला काय सांगितलं होतं?" भार्गवीने विचारलं.

"'भिंतीवर घट्ट बसले पाहिजेत, तळ एकदम घट्ट कर,' असं तुम्ही म्हणालात. मी तळ एकदम घट्ट केला. हातोडा मारला तरी खळगा पडणार नाही."

आत्याला हसू आवरेना. भार्गवीला मात्र रडू कोसळलं. "मला पकड घट्ट हवी होती. यानं तर दगड करून ठेवलाय!"

"डोळे पूस आणि स्वयंपाकघरातून किसणी आण," आत्या म्हणाली. "आणि थोडी मळलेली कणीकही."

आत्याने किसणी तिरकी धरली आणि तिच्यावर डब्याचं झाकण ठेवलं. ते सर्रकन घसरलं. मग तिने कणकेचा गोळा दाबून बसवला. तो जागचा हलला नाही.

"ही किसणी म्हणजे तुझी भिंत. भिंत सपाट वाटते, पण भिंगातून बघ, असेच खळगे नि उंचवटे दिसतील. टणक झाकण नुसतं उंचवट्यांवर टेकलं. कणीक मात्र..."

"खळग्यांत शिरली!"

"बरोबर. म्हणून तिचं घर्षण (एका वस्तूवरून दुसरी सरकताना होणारा विरोध) जास्त."

"म्हणजे घट्ट पकडायचं, तर मऊ व्हायला हवं?" भार्गवीचे डोळे चमकले. "मग सगळा तळच मऊ करू या की!"

"चार दिवसांत झिजेल. शिवाय उडी मारून उतरताना पाय डुगडुगेल. भिंतीला पायाचा कुठला भाग लागतो?"

भार्गवीने प्रयोगशाळेच्या भिंतीवर अनवाणी दोन पावलं टाकून पाहिली. टाच भिंतीला टेकतच नव्हती.

"चवडा! टाचू, चवड्याखाली बोटाने दाबलं जाईल इतकं मऊ रबर लाव आणि टाचेखाली टणक. आणि तो 'घट्ट' शब्द विसरून जा."

"मला विसरता येत नाही," टाचू म्हणाला. "पण यापुढे आधी विचारीन."

संध्याकाळी भार्गवीचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा टाचूच्या बुटांना अजून ताज्या रबराचा वास येत होता. "तळ पुसून घे गं," आत्या ओरडली. "कोरडं पीठ लागलेली कणीक चिकटते का कुठे?"

भार्गवीने धूळ पुसली आणि धावत सुटली. कठडा गेला, जिना गेला, समोर ती भिंत आली. पहिलं पाऊल टिकलं. दुसरंही टिकलं. हात वर गेले, काठ सापडला, आणि ती चक्क भिंतीवर बसली होती! खाली पंचांनी तिच्या नावाची पिवळी पट्टी वर केली. भार्गवी संघात आली होती. आनंदाने तिला काय करावं ते सुचेना.

"आत्या," ती वरूनच ओरडली, "पुढचा सामना रत्नागिरीला आहे. तिथे भिंतींवर शेवाळ असतं. खळग्यांत पाणी आधीच जाऊन बसलं, तर रबर कुठे शिरणार?"

आत्या काही बोलायच्या आत टाचू पुढे सरसावला.

"म्हणजे आता पाण्याला बाहेर काढणारा तळ हवा," तो म्हणाला. "पण या वेळी 'घट्ट' म्हणणार असाल, तर त्याचा नक्की अर्थ काय, ते आधी सांगा."