बिनचमकीची नखं

गुर्र... गुर्रर्र...

स्वयंपाकघरातल्या नळाने घसा खाकरला आणि दुपारची शांतता मोडली. बेलवलीत नळ असा बोलला की हातातलं टाकून पळायचं असतं, पाणी काही आपल्यासाठी थांबत नाही. पण मी पळणार कशी? एका हातात नखं रंगवून घ्यायला आलेल्या श्रद्धाचं बोट, दुसऱ्या हातात ब्रश, आणि ब्रशच्या टोकावर अ‍ॅक्रिलिकचा ओला थेंब. जरा रेंगाळले असते तर तिथेच दगड झाला असता त्याचा.

"मी भरू?"

कोपऱ्यातल्या खुर्चीतून आवाज आला. श्रद्धाचा भाऊ, महेंद्र. बहिणीला स्कूटरवरून सोडायला आला होता आणि ऊन फार म्हणून टेकला होता. तोवर मी त्याच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं.

"नको, राहू द्या."

"मॅडम, तुम्ही बोट सोडलंत तर ही रडणार, पाणी गेलं तर तुम्ही रडणार. दोघींचं रडणं मला झेपायचं नाही."

बाह्या दुमडून तो आत गेलासुद्धा. पिंपात पाण्याची धार पडायला लागली... आणि मला हसू फुटलं. ब्रश किंचित सरकला.

"हसवू नका हो! नख वाकडं होईल."

"होऊ द्या की," आतून उत्तर आलं, "लग्नात सगळ्यांना सांगू, मॅडम हसल्या म्हणून झालं."

श्रद्धाने डोळे मोठे केले. "दाद्या, गप!"

श्रद्धाचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि त्या दिवशी आम्ही नुसता नमुना करत होतो. अंबरनाथच्या एका ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर टायपिंग करणारी मुलगी ती, नखं तिला आखूडच हवी होती. चमक अजिबात नको. लग्न बौद्ध पद्धतीचं, साडी पांढरीशुभ्र, म्हणून नखंही पांढरी, वर काहीतरी नक्षी. पण पांढऱ्यावर पांढरं काढायचं तर दिसणार काय? मी तिथेच अडले होते.

महेंद्र ओले हात झटकत बाहेर आला. आमचं बोलणं ऐकून त्याने सरळ आपल्या जीन्सची दुमड उलटी केली.

"हे बघा. उल्हासनगरला जीन्सचे सॅम्पल शिवतो मी. कापडाची आतली बाजू. रंग जवळजवळ नाहीच, तरी तिरकी वीण दिसते की नाही?"

मी वाकून बघायला लागले, तसा तो एकदम लाजला. "कापडाकडे बघा हां... पायाकडे नको."

मग मी बारीक ब्रश घेतला. जाडसर जेलच्या केसाएवढ्या तिरक्या रेघा, एकीला लागून एक. दिव्याखाली सुकवल्या, वर मॅट थर दिला, पुन्हा दिवा. चमक विझली आणि नखावर कापड उमटलं. महेंद्रने बहिणीच्या नखावरून अंगठा फिरवला. मग नुसता माझ्याकडे बघत राहिला... आणि मी, इतक्या नवऱ्या सजवलेली मी, उगाच ब्रश पुसत बसले.

निघताना श्रद्धाला पढवलं. मॅट नखांना तेल लागलं की ती चमकतात, हळद लागली की पिवळी पडतात. भांडी घासताना हातमोजे घालायचे. डाग पडला तर लगेच सॅनिटायझरने पुसायचं. हळदीला तर बोटं झाकूनच बसायचं.

"तेल नाही, हळद नाही," महेंद्र म्हणाला, "ही नखं की आजारी माणसाचं पथ्य?"

त्यानंतर तो येतच राहिला. हातात दर वेळी कापडाचा एक तुकडा. कॉर्डरॉय, जाळी, खादी. "हे नखावर जमेल?" मी जमवून दाखवायची. राजसी, माझी लेक, त्या तुकड्यांत बाहुल्या गुंडाळायची. आणि एकदा उंबऱ्यात चपला घालताघालता, मान खाली घालून तो म्हणाला, "यशोधरा... आयुष्यभर चिंध्या आणत राहिलो तर चालेल?"

मी ना हो म्हटलं, ना नाही. घटस्फोटानंतर सगळ्यांनी मला एकच नाव ठेवलं होतं, बिचारी. हे टेबल, हा दिवा, हे ब्रश मी त्या शब्दावर पाय देऊन उभे केले होते.

"लोक म्हणतील, तू मला पदरात घेतलंस," शेवटी मी म्हटलं. "ते मला नाही सोसणार."

त्याने दुसरी चप्पल पायात सरकवली. "बरं," म्हणाला आणि गेला. मग तुकडे आले नाहीत, तोही नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी श्रद्धा एकटीच आली आणि नखं करून गेली. लग्नाच्या सकाळी मात्र त्याचा फोन आला.

"मॅडम... घोळ झालाय."

पेटी उचलली, राजसीचा हात धरला आणि रिक्षाने अंबरनाथचा हॉल गाठला. श्रद्धा रडवेली. नखं पिवळी आणि वर तुपात बुडवल्यासारखी चकाकणारी! शेजारी तिची इंदुबाई मावशी कपाळाला हात लावून बसलेली.

"अगं, राखेसारखी दिसत होती गं नखं! म्हटलं पोरीच्या हाताला तेज नाही. म्हणून हळदीनंतर हळदीच्याच हातांनी खोबरेल चोळलं चांगलं. मला काय माहीत मुद्दाम तशी करतात?"

मला हसू आवरेना. मग बसले कामाला. तेल पुसलं तसं निघालं, पण हळद रेघांत शिरलेली. हलक्या हाताने घासून वरचा थर काढला, पुन्हा पांढरा दिला, पुन्हा वीण काढायला घेतली. भोवती बायका जमल्या. महेंद्र माझ्या दिव्याची वायर धरून दारात उभा, कारण तिथला प्लग पॉइंट सैल होता.

"एकटीच राहतेस?" इंदुबाईंनी विचारलं. "लेकीला घेऊन? अगंबाई... बिचारी."

माझा ब्रश थांबला.

"मावशी," महेंद्र दारातून म्हणाला, "बिचारे आपण. भन्तेजी येऊन बसलेत, नवरदेव घाम पुसतोय, अख्खा हॉल हिच्या ब्रशवर अडलाय. आणि मी तर केव्हाचा अडलोय."

बायका फिसकन हसल्या.

"तू कशासाठी रे?" इंदुबाई.

"उत्तरासाठी. तिला द्यावंसं वाटलं तर."

मी मान वर केली नाही. आधी शेवटच्या नखाची शेवटची रेघ पुरी केली, मॅट दिला, दिव्याखाली बोट धरलं. श्रद्धाने हात वर केला तशी खोलीत कुजबुज थांबली. इंदुबाईंनी हळूच बोट लावून पाहिलं. "बाई बाई, हे तर विणलंय!" माझ्या छातीत काहीतरी ताठ उभं राहिलं. एवढं सुंदर काम मी आजवर केलं नव्हतं, आणि ते मला माहीत होतं.

तेव्हा कुठे मी त्याच्याकडे पाहिलं. वायर धरून धरून हात अवघडला होता त्याचा.

"माझं टेबल बेलवलीतच राहील," मी म्हटलं, सगळ्यांच्या देखत. "कामही माझंच राहील. चालत असेल तर... हो."

त्याच्या हातून वायर सुटली. दिवा विझला. श्रद्धा किंचाळली, "दाद्या, नखं सुकलीत, नशीब तुझं!" आणि सगळी खोली हसण्यात बुडाली. तो मात्र हसला नाही. जवळ येऊन नुसता उभा राहिला, डोळे भरलेले.

राजसी इतका वेळ माझ्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिने त्याच्याकडे निरखून पाहिलं, मग माझ्याकडे. आणि भर खोलीत, खणखणीत आवाजात विचारलं,

"आई, पाहुणा किती वेळा आला की मग तो पाहुणा राहत नाही?"