चौथं वल्हं

“ऐकू येतंय का कुणाला? माझं नुसतं गोल गोल फिरतंय. काय भिकार नेट आहे हे!”

कानाच्या पाळीला ओठ लावून कुणी पुटपुटावं, तसं मी हे हेडफोनमध्ये ऐकलं.

रविवार होता. भरदुपार. खिडकीतलं ऊन थेट माझ्या शिलाई मशीनवर पडलं होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. भुताखेतांना शोभेल असं आसपास काहीही नव्हतं.

पण तो आवाज माझ्या दादाचा होता.

आणि दादाला जाऊन महिना होत आला होता.

तुम्ही हसाल, मला माहीत आहे. भुतांच्या अनुभवांच्या अशा पानावरच्या गोष्टी वाचताना मीही निम्म्या वेळा हसते. ‘खरी घटना’ म्हणून लोक काय काय खपवतात! पण हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. आणि एकटीने नाही, तिघींनी ऐकलं आहे. तीन बायकांना तीन गावांत एकाच क्षणी एकच भास होत असेल, तर तुम्हीच सांगा त्याला काय म्हणायचं ते.

आधी खेळाचं सांगते. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

माझी धाकटी बहीण दोन मुलांची आई झाली तरी आमच्यात छोटीच आहे. कॉम्प्युटरवरचा हा खेळ आम्हाला तिने शिकवला. चार माणसं आणि एक होडी. प्रत्येकाकडे एक वल्हं. मी माझ्या घरून, छोटी तिच्या गावाहून, वहिनी तिच्या घरून आणि दादा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला जिथे गेला असेल तिथून. चौघं जोडलेले असले तरच होडी हलते. एकाचं जरी नेट गेलं, की त्याच्या स्क्रीनवरच्या बाहुल्याच्या डोक्यावर पांढरं गोल फिरायला लागतं आणि होडी पाण्यात ढिम्म उभी. बाकीच्यांनी फक्त वाट बघायची.

आमची निम्मी दुपार त्या गोलाला शिव्या घालण्यात जायची.

“दादा, तुझं नेट काय बैलगाडीतून येतं?”

“सुईबाई, तुम्ही वल्हं मारा. टाके नका घालू!”

सुईबाई म्हणजे मी. लोकांचे कपडे उसवून नीट करते, म्हणून.

खेळाचा एक नियम आहे. ज्याचं नेट जातं, त्याची जागा खेळ राखून ठेवतो. रूममध्ये, म्हणजे त्या चालू डावात, बाकीच्यांपैकी एक जण जरी थांबलेला असेल, तरी ती जागा तशीच राहते. सगळे बाहेर पडले, की रूम पुसली जाते. होडीसकट.

त्या दिवशी दादा परगावी होता, एका लॉजवर. रंगात आलेला डाव. अवघड वळण होतं आणि ऐन तिथे त्याचं वल्हं थांबलं.

गोल फिरायला लागलं.

“झालं! आली बैलगाडी!” छोटी ओरडली.

“लॉजचं नेट आहे गं ते. येतील,” वहिनी म्हणाली.

आम्ही वाट बघितली. तासभर. दादाची यथेच्छ टिंगल केली, शेजारणींच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या, खूप हसलो.

संध्याकाळी लॉजच्या मॅनेजरचा फोन आला.

दादा खुर्चीतच बसलेला होता. हेडफोन कानाला. डॉक्टर म्हणाले, एका क्षणात झालं असणार, त्यांना कळलंही नसेल.

त्या वाक्याचा तेव्हा आम्हाला केवढा आधार वाटला होता.

सगळं उरकलं. नातेवाईक पांगले. मग एका रविवारी छोटीनेच फोन केला. “ताई, वहिनी एकटी आहे. खेळायचं नाही, नुसतं बसू या का तिच्यासोबत?”

वहिनीला विचारलं. ती म्हणाली, “रूम चालूच आहे. मी बंद केली नव्हती.”

म्हणजे इतके दिवस तिचा कॉम्प्युटर रात्रंदिवस सुरू होता.

आम्ही दोघी आत गेलो. होडी त्याच वळणावर उभी होती. दादाचा बाहुला आपल्या जागेवर बसलेला. डोक्यावर गोल फिरतंय. आम्ही तिघीही त्याच्याकडे बघत होतो आणि तिघीही भलतंच बोलत होतो. ऊन फार आहे. पाणी कमी दाबाने येतंय.

आणि मग…

“ऐकू येतंय का कुणाला?”

छोटीकडे काहीतरी खाली पडून फुटलं.

वहिनी मात्र लगेच बोलली. अगदी सहज.

“येतंय हो ऐकू. नेटचाच गोंधळ आहे. बसा जरा.”

ती दचकली नाही. ज्याच्याशी रोज बोलतो, त्याच्याशी बोलावं तशी बोलली.

मला भीती वाटली ती तेव्हा.

छोटीने लगोलग मला वेगळा फोन लावला. “ताई, कुणीतरी आवाज चोरलाय. हल्ली करतात असलं काहीतरी. थांब, मी पकडते त्याला.” पुढच्या खेपेला तिने विचारलं, “दादा, शाळेत असताना मी तुझ्या कंपासपेटीत काय ठेवलं होतं?”

बराच वेळ काहीच आलं नाही. मग…

“मेलेला भुंगा. आणि वर तोंड करून विचारतेस?”

छोटी हसली. हसता हसताच तिला हुंदका आला. भुंग्याची गोष्ट आमच्या तिघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

आवाज त्याचाच होता. शंकाच नाही. पण त्यात काहीतरी कमी होतं. ते काय, हे मला दोन दिवसांनी मशीनवर बसले असताना उमगलं. दादाच्या माइकमधून नेहमी सगळं जग ऐकू यायचं. पंख्याची घरघर, खुर्चीची करकर, चहाचे भुरके, सर्दीचं सुर्रसुर्र. त्यावरून आम्ही त्याला किती छळायचो!

आता त्यातलं काहीच नव्हतं. नुसती वाक्यं होती.

आणि दोन वाक्यांच्या मध्ये… श्वास नव्हता.

मी लॅपटॉप घेऊन वहिनीकडे राहायला गेले.

दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात बिनवायरचा हेडफोन होता. डोळे खोल गेलेले. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते, हात इतका हलका की दुकानाचे मालक अवघड काम दुसऱ्या कुणाला देत नाहीत. कित्येक दिवस ती तिकडे फिरकलीच नव्हती. मालकांचे फोन वाजून वाजून बंद झाले होते.

“वहिनी, चहा टाकू?”

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मी माझ्यापुरता केला, प्यायले, कप विसळून पालथा घातला. आणि मग…

“हो, टाक की,” ती म्हणाली.

मला वाटलं, दमली असेल. पण दिवसभर तेच. मी दुपारी विचारायचं, तिने संध्याकाळी उत्तर द्यायचं. खांद्याला हात लावला, तरी तिची मान वळायला वेळ लागायचा. शेजारी बसलेलं माणूस, आणि त्याच्यापर्यंत माझा आवाज कुठून कुठून फिरून जात होता.

दादाची उत्तरंही अशीच येत होती. आधी थोडी उशिरा. मग तासाने. मग कालच्या प्रश्नाला आज.

मी खरं सांगते, दादाची मला भीती वाटत नव्हती. जिवंत असताना तो पालीला घाबरायचा, तो मला काय करणार! मला भीती वाटत होती ती वहिनीची. रोज ती थोडी थोडी पलीकडे चालली होती, आणि तिला ते चालत होतं.

दादाचा लॅपटॉप मॅनेजरने सामानाबरोबर पाठवून दिला होता. वहिनी आंघोळीला गेल्यावर मी कपाट उघडलं. तो पिशवीत होता, गार पडलेला. चार्जर लॉजवरच राहिला होता. मी बटण दाबून बघितलं. परत दाबलं. काहीच झालं नाही.

आणि बाहेरच्या खोलीत, टेबलावर काढून ठेवलेल्या हेडफोनमधून, बारीक आवाज आला…

“इथली खिडकी कुठे गेली गं?”

मी तशीच कपाटाशी उभी राहिले.

“मघापर्यंत होती. आता भिंतच हाताला लागत नाहीये. लाइट गेलेत वाटतं. स्क्रीनचा उजेड आहे तेवढाच.”

त्या संध्याकाळी मी छोटीला फोन लावला आणि वहिनीच्या समोर बसून स्पीकर सुरू केला.

“वहिनी, आता बस,” छोटी म्हणाली. “रूम बंद करू या. तिघी एकदम बाहेर पडू.”

उत्तर यायला वेळ लागला. आम्ही थांबलो.

“आणि ते तिथेच राहिले तर?” वहिनी म्हणाली. “तेवढा एकच उजेड आहे त्यांना. तोही मी घालवू?”



“मग निदान कुणीतरी त्याला सांगायला हवं,” मी म्हणाले.

“काय सांगायचं?” वहिनीने विचारलं.

तिला ठाऊक होतं काय ते. मलाही होतं. छोटीलाही. तिघी तोंडं मिटून बसलो. एरवी आमच्या घरात कुणाला ना कुणाला बोलण्यापासून थांबवावं लागतं!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दूध आणायला खाली उतरले. परत आले, तर दारात वहिनीची बॅग होती. बांधलेली. तिच्या पायात चप्पल. हेडफोन मात्र अजून कानाला.

“कुठे निघालीस?”

मी स्क्रीनजवळ गेले. स्पीकरचं बटण दाबलं. दादा बोलत होता.

“…तू कालपासून म्हणतेयस ना, मी येते. मग येच तू. माझ्याच्याने इथून उठवत नाहीये. तू आलीस, की बघू दोघं मिळून.”

माझ्या हातून पिशवी सुटली. दूध फरशीभर झालं.

“वहिनी, लॉजवर कुणी नाहीये. तू कुठे जाणार आहेस?”

ती दाराकडे चालायला लागली. मी आडवी उभी राहिले. ती माझ्याहून थोराड, मी आपली सुईएवढी, पण चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं, पण तिच्या डोळ्यांत मी उमटलेच नाही. तिचा हात माझ्या हाताला लागला. गारेगार होता. कपाटातल्या लॅपटॉपसारखा.

छोटी तेव्हा रूममध्येच होती. स्पीकरवरून ती नुसती ओरडत होती, “ताई, काय झालं? वहिनी? अगं बोला ना कुणीतरी!”

आणि तेवढ्यात…

“किंवा राहू दे,” दादा म्हणाला.

वहिनी थांबली.

“तुझं दुकान बुडेल उगाच. मी बसतो इथेच. येईल नेट कधीतरी. मला काय, मी बसतो वाट बघत. कितीही वेळ लागू दे.”

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते.

रूम आता नाही. मी आणि छोटी संध्याकाळी रूममधून बाहेर पडलो, वहिनी एकटी आत बसून राहिली, आणि दिवेलागणीला तिच्या गल्लीतली वीज गेली. परत आली तेव्हा होडी, वळण, बाहुले, काही नव्हतं. वहिनी आता दुकानात जाते. विचारलेल्याचं लगेच उत्तर देते, कधीकधी तर विचारायच्या आधीच. मालक खूश आहेत.

पण एक आहे. तेव्हा त्याचं उत्तर यायला आख्खा दिवस लागत होता. आमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोहोचायलाही तेवढाच वेळ लागत असणार. आणि वीज तर संध्याकाळीच गेली. म्हणजे वहिनीने जे सांगितलं, ते त्याला ऐकू गेलं का? की मध्येच कुठेतरी राहिलं?

मला माहीत नाही. छोटी म्हणते, विचार करू नकोस. ती स्वतः करते, हे तिच्या आवाजावरून कळतं. मी हेडफोन देऊन टाकले. तरीही दुपारी मशीन थांबवलं, की घरात एक शांतता पसरते… जिच्यात श्वास नसतो. मग मी उगाचच मोकळ्या कापडावर टीप मारत बसते.

तर, त्या दुपारी.

“कितीही वेळ लागू दे,” दादा म्हणाला, आणि वहिनी दारातून मागे फिरली. सांडलेल्या दुधातून तशीच चालत टेबलापाशी आली. खुर्चीत बसली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कुणीतरी होतं. माइक तिने तोंडाजवळ घेतला, दुकानात काच धरतात तसा, दोन बोटांनी, अलगद.

छोटी ओरडायची थांबली होती.

“अहो,” वहिनी म्हणाली, “वाट बघू नका. नेटला काहीही झालेलं नाहीये. तुम्ही वारलात.”