आवाजांचे मालक

मी दातांच्या कवळ्या बनवतो. घरातच, मागच्या खोलीत, खिडकीशी टेबल लावून. नऊ वर्षांपूर्वी दोन्ही कान गेले, तेव्हा मेहुण्याने पाटीवर लिहून दाखवलं होतं, "जगाला तोंडं पुरवतोस, पण ऐकायच्या वेळी हात वर!" मी हसलो. दुसरं काय करणार?

तेव्हापासून दाराची बेल, फोन, डॉक्टरांच्या ऑर्डरी, सगळं माझ्या मुलीने सांभाळलं. मी तिला ठमी म्हणतो. जगात हे नाव वापरणारा मी एकटाच. यंदा तिला दुसऱ्या शहरात मनासारखी नोकरी मिळाली. रुजू व्हायला चार महिन्यांची मुदत होती. "तुम्हाला एकट्याने जमतंय हे दिसल्याशिवाय मी हलणार नाही," ती म्हणाली. एव्हाना मी ओठ वाचायला शिकलो होतो. हट्टीपणात ती माझ्यावर गेली आहे. माझ्यापायी तिचं आयुष्य अडून राहावं हे मला सहन होईना, म्हणून मी उजव्या कानाचं ऑपरेशन करून घेतलं.

जखम भरल्यावर कानामागे यंत्र आलं आणि डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती. सुरुवातीला सगळा नुसता खरखराट. दवाखान्यातल्या श्रवणतज्ज्ञ बाईंनी एक वही दिली. "काका, आवाज आला की उठायचं, त्याचा मालक शोधायचा आणि दोन्ही लिहायचं. मालक सापडला नाही तर जागा कोरी ठेवा. अंदाजाने भरू नका."

नळ. चपला. पॉलिशची मोटर. पानं भरत गेली. मी खूश होतो.

बाराव्या दिवशी दुपारी मी मोटर बंद करून जेवायला बसलो. ठमी कामावर गेली होती. कागद चुरगळावा तशी बारीक कुजबुज सुरू झाली. थोडी चढली, थांबली, पुन्हा सुरू झाली. मी नियमाप्रमाणे उठलो. पंखा बंद होता. नळ कोरडा. कान गेल्यापासून मी कुठलंही यंत्र चालू आहे की नाही ते हात लावून ओळखतो. फ्रिजवर तळवा ठेवला, तर तो गप्प होता. एका कानाने दिशा कळत नाही, त्यामुळे घरभर खुळ्यासारखा फिरलो. "काय कटकट आहे," असं वैतागून म्हणालो, तर कुजबुज थांबली. मी गप्प झालो तशी सुरू झाली.

रोज हेच. वहीत चार जागा कोऱ्या राहिल्या. एका सकाळी ठमी वही चाळताना दिसली.

"बाबा, हे काय राहिलंय?" तिच्या कपाळावर आठी होती. "मी नोकरीचं पुढे ढकलू का?"

मी पेन घेतलं आणि चारही जागी 'फ्रिज' लिहिलं. आठी गेली.

पुढच्या तपासणीला ती बरोबर आली. बाईंनी यंत्र संगणकाला जोडलं. कुठल्या प्रकारचा आवाज किती तास कानावर पडला, याची नोंद यंत्र स्वतःच ठेवतं, हे मला तेव्हा कळलं.

"छान! रोज सहा तास बोलणं," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "शांत खोलीत, हळू आवाजातलं. दुपारी कोण येतं हो गप्पा मारायला?"

माझ्याकडे कोणीही येत नव्हतं. ठमी माझ्याकडे बघत होती.

"फोनवर बातम्या लावतो," मी म्हणालो.

ठमीने तिथेच मला मिठी मारली. संध्याकाळी तिने तिकीट काढलं.

तो शेवटचा आठवडा मी दिवसभर एकटाच बडबडत काम केलं. घसा बसला. श्वास घ्यायला थांबलो की ते सुरू व्हायचं. आता त्याला चाल आली होती. वाक्याच्या शेवटी ते वर जायचं, प्रश्न विचारल्यासारखं, आणि थांबायचं. शब्द मात्र कळत नव्हते. ठमी घरी असली तरी तिला काही ऐकू यायचं नाही.

ती गेली, आणि ते थांबलं.

एक दिवस, दोन दिवस, आठवडा. दुपारी घर गप्प. मी पोटभर जेवू लागलो. पुढच्या तपासणीत बाई म्हणाल्या, "बोलण्याचे तास एकदम शून्यावर आले की! बातम्या सोडल्यात वाटतं?" मी हो म्हणालो. सुटलो, असं वाटलं.

रविवारी सकाळी ठमीचा फोन आला. आता फोनचा आवाज थेट यंत्रात येतो. तिचा शब्दन् शब्द कळत होता. माझे डोळे भरून आले. तिने नवी खोली, ऑफिस, खडूस साहेब, सगळं सांगितलं.

"खोलीत अजून कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटीच. इतकी शांतता आहे ना बाबा."

ती थांबली.

कुजबुज सुरू झाली.

चढली. शेवटी वर गेली. आणि मला पहिल्यांदा शब्द कळला.

"ठमे?"

मी तोंड उघडलं नव्हतं.

"हो?" ठमी म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही हाक मारलीत ना आता?"

खरं सांगितलं तर ती पुढची गाडी पकडून इकडे आली असती. एकटी नसती आली.

"हो," मी म्हणालो. "मीच."

"मग ठीक," ती हसली. "मला वाटलं, माझ्या मागून आली."