लाल पट्टीची नळी

"नळी चोरीला गेलीय! हिपॅटायटिस-बीच्या पेशंटचं रक्त आहे त्यात," डॉ. वृंदा पारसनीस म्हणाल्या.

साल १९९६. नोएडातल्या त्यांच्या नव्या लॅबमध्ये खासगी गुप्तहेर नीरजा दिघे शांतपणे ऐकत होती. तिचा सहायक यतीन वहीत टिपून घेत होता.

पेशंट मोठा बिल्डर. लाल पट्टी लावलेली त्याची नळी नऊ वाजता फ्रिजमध्ये होती, अकराला नव्हती. तेवढ्या वेळात आत तिघंच होते.

"मला त्या नळीची भीतीच वाटते, मी कशाला घेऊ?" टेक्निशियन वैभवी म्हणाली.

ड्रायव्हर गुलाबराव चिडला. "दुसऱ्या लॅबवाल्यांनी बोलावलं होतं मला, पण मी नाही म्हटलं!"

दुसरा टेक्निशियन इंद्रजित फोनवर होता. उजव्या हाताने त्याने रिसीव्हर ठेवला. डाव्या हातात रबरी मोजा तसाच होता. "मी हातच लावला नाही तिला."

फोनवर पाटी होती : 'दोन्ही मोजे काढूनच फोन घ्या.'

रक्ताच्या नळ्या गरगर फिरवणाऱ्या मशीनवर नीरजा वाकली. ब्लीचचा उग्र वास आला. चार खाचांपैकी एकीच्या तळाला रबरी गादी नव्हती.

"हे ब्लीचने कधी पुसता?"

"संध्याकाळी, लॅब बंद करताना," वृंदा म्हणाल्या.

"गुलाबरावच, नक्की!" यतीन कुजबुजला.

"नाही यतीन. चोरी झालीच नाही. नळी मशीनमध्ये फुटली. म्हणून भरदिवसा ब्लीच. काचा गादीत रुतल्या, म्हणून गादीही गेली. आणि नियम ठाऊक असलेला माणूस एकच मोजा का काढतो? दुसऱ्याखाली जखम असते म्हणून. इंद्रजित, हात दाखव."

त्याने मोजा काढला. तळहातावर कापसाचा बोळा होता, लाल झालेला.

"काचा चिमट्याने डब्यात भरून ठेवल्यात. जखम साबणाने धुतली," तो पुटपुटला. "मागच्या महिन्यात भानुमतीकडून नळी फुटली, तर मॅडमनी तिला त्याच दिवशी काढलं. माझं लग्न ठरलंय, ताई."

वृंदांचा चेहरा उतरला. "लस घेतली होतीस?"

"नाही."

"मग चोवीस तासांच्या आत इंजेक्शनं मिळायला हवीत," नीरजा म्हणाली. "अजून दुपारही झालेली नाही. तो आजारातून वाचावा म्हणूनच मी त्याला लगेच हात दाखवायला लावला."

वृंदांनी गाडीची किल्ली उचलली.

"मॅडम, नोकरी?"

"आहे. चल आधी." दारातून त्या वळल्या. "वैभवी, भानुमतीला फोन लाव. म्हणावं, मॅडमचं चुकलं. उद्यापासून ये."