न वाढणारं प्रवाळ

पंज्याएवढं प्रवाळ वाढत नाही आणि अंगठ्याएवढं मात्र झरझर वाढतं, असं कसं? रेवाचं डोकं तापलं होतं.

सन २०६१. मालवणच्या समुद्रात प्रवाळांची (चुन्याची घरं बांधून दाटीनं राहणाऱ्या इवल्या प्राण्यांची) रोपवाटिका होती. कुर्ली नावाची यंत्रखेकडी तिथले तुकडे दर महिन्याला मोजायची. जो वाढला नाही तो आजारी समजून उपटायचा, असा तिला हुकूम होता. आज पाळी आली होती रेवाच्या पंज्याएवढ्या प्रवाळावर. होडीच्या नांगरानं मोडलेलं ते प्रवाळ तिनं तीन वर्षं जिवापाड जपलं होतं.

“दुपारच्या भरतीआधी उपटणार,” कुर्ली म्हणाली.

“उपटून तर बघ! आधी मी कारण शोधते.”

तिनं पाणी तपासलं, ऊन तपासलं. दोन्हीकडे सारखंच. मग ती आजोबांकडे धावली. प्रवाळांचा अभ्यास करण्यात जन्म घालवलेले आजोबा किनाऱ्यावर बांगडे साफ करत होते. सगळं ऐकून त्यांनी एका बांगड्याचं पोट चिरलं. आत गाभोळी (माशाची अंडी) गच्च भरली होती.

“ह्येना खाल्लेला खंय गेला, सांग बगया?”

“गाभोळीत!” रेवा थबकली. “म्हणजे माझ्या प्रवाळातही? पण बघायला ते मोडावं लागेल.”

“एक फांदी मोडूक व्हयी.”

रेवाला रडू येत होतं, तरी पाण्यात बुडी मारून तिनं फांदी मोडलीच आणि किनाऱ्यावर आणली. आत गुलाबी दाणे होते!

“प्रवाळ पुरेसा मोठा झाला काय प्रजनन (अंडी-बीजं पाण्यात सोडणं) करता,” आजोबा म्हणाले. “मग अन्न थंय जाता, वाढ थांबता. बारक्या तुकड्यांका अजून ता काम नाय, म्हणान ते नुसते वाढतत. कुर्लीक हुकूम मीच दिललंय. माजाच चुकला.”

तेवढ्यात कुर्ली नांग्या उघडून पाण्याकडे निघाली. “वाढ शून्य आहे.”

रेवा आडवी उभी राहिली. “दिवस भरलेल्या बाईला कुणी वजन वाढव म्हणतं का गं?”

आजोबांनी हुकूम बदलला. मोडलेली फांदीही रेवानं पुन्हा वाढावी म्हणून रोपवाटिकेच्या चौकटीवर बांधली.

दहा दिवसांनी सकाळी पाण्यावर गुलाबी दाण्यांचा थर तरंगत होता. कुर्ली गोंधळली. “हे सगळे कसे मोजू?”

“मोजू नकोस,” रेवा म्हणाली. “बाजूला हो. त्यांना घरं बांधायला जायचंय.”