बाळाबाईंचा पहारा कुठे गेला?

"आजपण बाळाबाई आज्जी न्हाय आली," ओमकार म्हणाला.

उचगावच्या देवळात सप्ताह चालू होता. सप्ताहात वीणा खाली टेकवत नाहीत. गावकरी आळीपाळीनं पहारा देतात, ती गळ्यात घेऊन उभे राहतात. दुपारचा पहारा दरवर्षी बाळाबाईंचा. यंदा तिथं भलताच कुणी उभा होता.

ओमकार आणि सुट्टीला निपाणीहून आलेली त्याची मावसबहीण रूपाली बाळाबाईंच्या घरी गेले. धुतलेलं लुगडं नेसून, बुक्का लावून त्या पायरीवर एकट्याच बसल्या होत्या.

"आज्जी, देवळात न्हाय?"

"सांगावा आला न्हाय, बाळा. इसरलं असंल गाव." त्या टाळांच्या आवाजाकडे कान लावून राहिल्या. "हितनं बी ऐकू येतंय की."

रूपाली त्यांच्याशेजारी पायरीवर टेकली. बाबांच्या बदलीनं निपाणीला गेल्यापासून, ओळखीचं कुणी नसल्यानं, तीही संध्याकाळी अशीच दारात बसायची.

यंदाचे पहारे गावच्या सौरवअण्णाच्या कॉम्प्युटर प्रोग्रामनं लावले होते, सांगावेही मोबाइलवर धाडले होते. बेळगावात नोकरी करणारा सौरव मंडपामागे मोबाइलवर गेम खेळत होता. आज्जींचं नाव का आलं नाही, ते रूपालीनं त्याला विचारलं.

"कॉम्प्युटर चुकत न्हाय गं," तो मान वर न करता म्हणाला.

"कोड बघू?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"शाळेत कोडमधले क्लास शिकवलेत."

त्यानं हसत लॅपटॉप पुढं सरकवला.

"'भाविक' हा क्लास, म्हणजे साचा," रूपाली ओमकारला दाखवू लागली. "त्यातून प्रत्येक माणसाचं ऑब्जेक्ट, म्हणजे नोंद, बनताना कन्स्ट्रक्टर, म्हणजे ती बनवणारा भाग, चालतो. हा नाव, गल्ली आणि मोबाइल नंबर मागतोय."

"नंबर नको? मेसेज कुठं धाडू मग?" सौरव म्हणाला.

"आज्जीकडं मोबाइलच न्हाय," ओमकार म्हणाला.

"म्हणून कन्स्ट्रक्टर अडतो, एरर येते, आज्जींचं ऑब्जेक्ट बनतच नाही. आणि खाली तुम्हीच लिहिलंय, एरर आली तर गप्प पुढं जा."

"म्हंजे ह्याच्या हिशेबानं आज्जी गावातच न्हाय!" ओमकार म्हणाला.

सौरवनं गेम बंद केला. "मी माझ्या दोस्तांचीच नावं घालून तपासलं रं."

नंबर नसला तरी चालेल, असा कन्स्ट्रक्टर रूपालीनं बदलला. अशा नावांपुढं 'घरी जाऊन सांगा' असं लिहून यावं, एवढी सोय केली. प्रोग्राम पुन्हा चालवला. यादीत बाळाबाई आल्या. मागोमाग नागोजी आले, रवळू आले. सगळे म्हातारे, सगळे एकेकटे राहणारे.

"चला," सौरव चप्पल घालत म्हणाला. "घरोघरी मीच जातो."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाबाईंनी पाया पडून वीणा गळ्यात घेतली. सप्ताहाचे प्रमुख आण्णाप्पा मुलांना म्हणाले, "आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं न्हाय. तुम्ही लई मोठं काम केलंत."

पहारा संपला. पुढच्या माणसानं पाया पडून वीणा घेतली. बाळाबाई मात्र घरी निघाल्या नाहीत.

"घरात कोण हाय वाट बघायला?"

रूपालीनं सरकून सतरंजीवर जागा केली. "इथंच बसा. तिकडं निपाणीत मीपण एकटीच असते."