रावसाहेबांचा वाकडा कोपर

एकोणीसशे एकाहत्तर सालची गोष्ट. टोपीचं खोकं छातीशी धरून ती गुरांच्या दवाखान्यात शिरली आणि दारातच डॉक्टरांवर आदळता आदळता वाचली.

"सांभाळून! काय आहे त्यात?"

"रावसाहेब…" ती घाईत बोलून गेली. "म्हणजे सरडा. रंग बदलणारा. माझ्या दादाचा. दादा बोटीवर नोकरीला आहे, दोन महिन्यांनी येईल — आणि याचा हात…"

तिने खोकं पुढे केलं. आई गेल्यापासून दादाने जीव लावला होता तो या एवढ्याशा प्राण्याला. जाताना "एवढं सांभाळ" म्हणून तिच्या ओंजळीत ठेवून गेला होता.

तरुण डॉक्टरांनी झाकण उचललं. रावसाहेब राखाडी पडले होते. आतली फांदी धरायची सोडून मनगटावर रेलले होते. एक कोपर भलतीकडेच वळलेला, बोटं थरथरत होती. डॉक्टरांनी हलकेच जबडा चाचपला. तो रबरासारखा दबला.

"जीभ किड्यापर्यंत पोचते?"

"आठ दिवस झाले, नाही. मला वाटलं, रुसलाय."

"आणि हात? फांदीवरून उचलताना ओढलात ना?"

"ओढलं नाही हो! सोडत नव्हता, म्हणून जरासं…"

"म्हणजे ओढलंतच." ते हसले नाहीत. "मुडदूस आहे, लहान मुलांना होतो तसा. हाडं मऊ पडली की एवढ्यानेही मोडतात. ऊन देता?"

"रोज चार तास. खिडकीत. वारा लागू नये म्हणून काच लावून."

"अरेरे… काचेतून नुसती ऊब येते. हाडांना हवं ते ऊन बाहेरच राहतं."

"वाचेल?"

"पंधरा दिवस काढले, तर."

ती शिवणकाम करायची. त्याच दुपारी तिने मच्छरदाणीच्या कापडाचा पिंजरा शिवला आणि उघड्या खिडकीबाहेर टांगला — अर्धा उन्हात, अर्धा सावलीत, तळाला कापसाची गादी. डॉक्टर रोज संध्याकाळी कॅल्शियमचे थेंब घेऊन येत. खिशात काडेपेटी, तिच्यात टोळ.

"लोक कुणाकडे जाताना फुलं नेतात," मशीन चालवता चालवता ती एकदा म्हणाली.

"रावसाहेब फुलं खात नाहीत… तुमच्यासाठी आणू?"

शिलाई वाकडी गेली.

पंधरा दिवस सरले. मग महिना. एका संध्याकाळी दोघंही श्वास रोखून उभी होती. टोळ फांदीवर. रावसाहेबांचा एक डोळा फिरला, मग दुसरा… आणि सटकन जीभ सुटली! टोळ गडप!

आनंदाच्या भरात तिने डॉक्टरांचा हात धरला. भानावर आली, तरी सोडला नाही.

"आता… उद्यापासून तुम्हाला यायला नको," ती म्हणाली.

"कोपर तर दहा दिवसांपूर्वीच जुळला होता."

"मग रोज काय तपासत होतात?"

"माझाच धीर." त्यांनी गुंतलेल्या हातांकडे पाहिलं. "सोडवून घेऊ?"

"ओढू नका," ती म्हणाली.

दादा आला. त्याने वाकडा कोपर पाहिला, मग डॉक्टरांना पाहिलं, आणि समजायचं ते समजला. रावसाहेब त्या कोपरानिशी आणखी चार वर्षं ऐटीत जगले. दादा पुढे दूरच्या एका बंदरातच रमला. तिला जन्मभर साथ दिलेल्या डॉक्टरांना जाऊन आता तीन वर्षं झाली.

ती अजूनही सकाळी उठली की आधी खिडकी उघडते. चहा नंतर.